पाठपोट

मराठीत समीक्षकाची अवस्था तशी बरी असते. त्याला पुस्तक फुकट मिळतं. वर 'अभिप्रायार्थ' असा शिक्का असतो, त्यामुळे रद्दीत घालताना जरा चोरट्यासारखं होतं, एवढाच काय तो त्रास. पुस्तक नाही आवडलं तर दोन परिच्छेदांत निकाल लावता येतो, आणि खुद्द लेखक सोडला तर त्यात कुणाचं काही बुडत नाही. मी अलीकडे ज्या वाङ्मयप्रकाराची समीक्षा करतो आहे, त्यात हे सुख नाही. मी झेरॉक्स यंत्रांच्या माहितीपत्रकांचा समीक्षक आहे. इथं अभिप्राय चुकला तर दोनशे अकरा माणसांचे पैसे जातात, आणि ही दोनशे अकरा माणसं मला मासळीबाजारापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठंही गाठू शकतात.

आमची एक पगारदार नोकरांची पतसंस्था आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, पिठाच्या गिरणीच्या माडीवर दोन खोल्या, एक कारकून बाई, एक शिपाईमामा आणि तीन कपाटं. बाकीचे आम्ही संचालक. आमचा उपयोग चहा संपवण्यापुरता. गेल्या खेपेच्या सभेत सातवा विषय होता : 'कार्यालयास परवडेल असे झेरॉक्स यंत्र खरेदी करणे.' सातव्या विषयापर्यंत भजी संपलेली असतात, त्यामुळे तो एकमतानं मंजूर होतो. प्रश्न आला 'परवडेल असे' या दोन शब्दांचा. त्यांचा अर्थ लावण्यासाठी चेअरमनसाहेबांनी एक सदस्यीय समिती नेमली आणि तो सदस्य म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. कारण विचाराल, तर मी शाळेत मराठी शिकवतो. "सरांना बारीक अक्षर वाचायची सवय आहे," असं चेअरमन म्हणाले. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या वाट्याला असा गौरव क्वचितच येतो.

महिनाभरात नऊ माहितीपत्रकं जमा झाली. चार गुळगुळीत कागदावर, पाच मोबाइलवर. नऊच्या नऊ वाचली. या वाङ्मयाची म्हणून काही लक्षणं आहेत. पहिल्या पानावर एक तरुणी कोट घालून यंत्राशेजारी उभी असते आणि हसत असते. आमच्या बाई गेली सव्वीस वर्षं कागद हाताळताहेत. नाक्यावर झेरॉक्स काढताना त्या हसल्याचं कुणी पाहिलेलं नाही. दुसरं लक्षण अतिशयोक्ती. तिसरं लक्षण ताऱ्याचं चिन्ह. एखादा आकडा फार सुंदर वाटला की त्याच्या डोक्यावर एक बारीक तारा असतो, आणि त्या ताऱ्याचं जन्मरहस्य मागल्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. कादंबरीत रहस्य शेवटी सांगतात ते वाचकाला कळावं म्हणून. इथं उलट.

म्हणून मी एक नियम केला. पुस्तक पुढून वाचावं, माहितीपत्रक पाठपोट. पोट कवीचं असतं, पाठ हिशेबनिसाची.

वेगाचंच घ्या. 'मिनिटाला तीस प्रती!' आता आमच्या कार्यालयात मिनिटाला तीस प्रती कधी लागतात? वार्षिक सभेच्या अहवालाच्या वेळी, वर्षातून एकदा. एरवी एक सभासद येतो, त्याच्या आधारकार्डाची एक प्रत निघते, तो मुलीच्या लग्नाचं सांगत बसतो, मग पॅनकार्ड कुठल्या खिशात आहे ते आठवतो. मग दुसरी प्रत. मधल्या वेळात यंत्र झोपी जातं. झोपेतून उठून, तापून, पहिला कागद बाहेर टाकायला त्याला किती वेळ लागतो, हा आमच्या दृष्टीनं खरा वेग. तो आकडा मागल्या पानावर शोधावा लागतो. तीस प्रतींवाल्यापेक्षा बावीस प्रतींवालं एक यंत्र या बाबतीत चपळ निघालं. आमच्याकडे शंभर मीटर पळणारा नको होता. हाक मारली की ओ देणारा हवा होता.

या सगळ्याचा मूळपुरुष चेस्टर कार्लसन. त्याचं चरित्र मी समितीचं काम म्हणून वाचायला घेतलं आणि आवडीनं वाचत राहिलो. हा न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट खात्यात नोकरीला होता. पेटंटच्या कागदांच्या प्रती कधी पुरायच्या नाहीत. लिहून काढा, नाहीतर फोटो काढवून आणा. नजर अधू, त्यात सांध्यांचं दुखणं. म्हणजे आमच्या बाईच. पण बाईंनी सव्वीस वर्षं सोसलं आणि कार्लसननं शोध लावला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अस्टोरिया या भागातल्या एका खोलीत त्यानं आणि त्याच्या मदतनिसानं जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा लेप दिला, तो रुमालानं घासून त्यात विजेचा भार आणला, काचेच्या पट्टीवर शाईनं तारीख आणि 'अस्टोरिया' एवढंच लिहून ती पत्र्यावर ठेवली आणि वरून झगझगीत दिवा पाडला. जिथं उजेड पडला तिथला भार पळाला, अक्षरांच्या सावलीत तेवढा राहिला. मग वर पूड भुरभुरवली, फुंकर मारली, अक्षरांवरची पूड चिकटून राहिली. ती मेणकागदावर उचलून घेतली. झाली झेरॉक्स. तारीख आणि ठिकाण! जगातली पहिली झेरॉक्स प्रतही एखाद्या अर्जाच्या वरच्या कोपऱ्यासारखी असावी, यात मला काहीतरी दैवी संकेत वाटतो.

आजच्या यंत्राच्या पोटातही तत्त्वतः हीच रांगोळी चालते. पत्र्याच्या जागी ड्रम आला, दिव्याच्या जागी लेसर आला, पूड म्हणजे टोनर. टोनर ही शाई नव्हे. ते रंगवलेलं प्लॅस्टिकचं पीठ असतं. कागदावर पडल्यावर तापलेल्या रुळाखालून जाताना ते वितळून बसतं, म्हणून ताजी प्रत हाताला गरम लागते. खाली जोंधळ्याचं, वर प्लॅस्टिकचं. आमच्या इमारतीत आता दोन्ही मजल्यांवर पीठच होणार होतं.

कार्लसनला मोठमोठ्या कंपन्यांनी नकार दिले. यंत्र खऱ्या अर्थानं बाजारात यायला एकवीस वर्षं लागली. १९५९ साली आलं ते '९१४', कारण नऊ बाय चौदा इंचांपर्यंतचा कागद त्यात चालायचा. वजन ६४८ पौंड, म्हणजे २९४ किलो. आमच्या माडीवर चढवलं असतं तर ते आपण होऊन गिरणीत गेलं असतं. कागद कधीकधी आतच पेटायचा, म्हणून सोबत एक छोटं आग विझवायचं नळकांडं देत. पण त्याला आग विझवायचं नळकांडं म्हणायचं नाही, असं ठरलं होतं. इंग्रजीत त्याचं जे नाव ठेवलं होतं त्याचा मराठीत अर्थ 'करपण-निवारक'. भाषेचा शिक्षक म्हणून मी त्या नामकरण करणाऱ्याला वाकून नमस्कार करतो. माहितीपत्रक या वाङ्मयाचा आद्य कवी तोच.

पण खरी प्रतिभा किमतीत होती. एवढं महाग यंत्र विकत कोण घेणार? म्हणून ते भाड्यानं दिलं. महिन्याला ९५ डॉलर, त्यात दोन हजार प्रती आल्या. पुढच्या प्रत्येक प्रतीला वेगळे पैसे. लोकांना वाटायचं, दोन हजार पुष्कळ झाल्या. पण प्रती काढायची सोय झाली की गरज आपोआप उत्पन्न होते. जिथं एक प्रत पुरायची तिथं चार लागायला लागतात. यंत्र हे निमित्त, कमाई प्रतीवर. ही युक्ती तेव्हापासून जी सुरू आहे ती आमच्या सातव्या विषयापर्यंत.

फरक इतकाच, की आता यंत्र स्वस्तात विकतात आणि पीठ महाग लावतात. जातं फुकट, दळण सोन्याच्या भावानं. आमच्याकडे आलेल्या कोटेशनांतून तीन यंत्रं अखेरच्या फेरीत गेली. नावं देत नाही; समीक्षकानं लेखकांशी वैर धरू नये, आणि दोन विक्रेत्यांची मुलं माझ्या वर्गात आहेत. त्यांना अ, ब आणि क म्हणू.

अ साडेचौदा हजारांना. देखणं, चेअरमनसाहेबांना पाहताक्षणी आवडलेलं. त्याचा टोनर ३,९०० रुपयांना आणि त्यात १,५०० प्रती. म्हणजे प्रतीला २ रुपये ६० पैसे. 'सोबत टोनर मोफत' असं पोटावर लिहिलं होतं. पाठीवर तारा होता, आणि ताऱ्याखाली हा मोफतचा टोनर अर्धाच भरलेला असतो अशी कबुली होती. ब तेवीस हजारांना. त्याचा टोनर २,६०० रुपयांत २,६०० प्रती, ड्रम वेगळा. तो ४,८०० रुपयांचा आणि बारा हजार प्रतींना पुरणारा. म्हणजे प्रतीला एक रुपया अधिक चाळीस पैसे. क हे मोठं, ए-थ्री कागद घेणारं, दुकानात असतं तसं. अडुसष्ट हजार. पण पीठ, ड्रम सगळं धरून प्रतीला ४५ पैसे. दुसऱ्या वर्षापासून देखभालीचा करार सालीना सहा हजार.

बाईंनी जावक नोंदींवरून काढून दिलं : महिन्याला सरासरी आठशे प्रती. तीन वर्षांच्या २८,८००. या प्रतींना अ चा एकूण खर्च ८९,३८० रुपये, ब चा ६३,३२० आणि क चा ९२,९६०. म्हणजे ज्याची किंमत सर्वांत कमी ते अ आणि ज्याची सर्वांत जास्त ते क, दोघांचं तीन वर्षांनी जवळजवळ एकच व्हायचं होतं. गंमत म्हणजे महिन्याला तीन हजार प्रती धरल्या तर हेच क सर्वांत स्वस्त ठरतं आणि अ त्याच्या दुपटीच्याही वर जातं. तेव्हा 'परवडणारं यंत्र कोणतं?' हा प्रश्नच अपुरा. किती दळायचं आहे ते आधी सांगा, मग जातं निवडू.

हा हिशेब मी सभेत फळ्यावर मांडला. सगळे गप्प. मग कोपऱ्यातून शिपाईमामा म्हणाले, "सर, नाक्यावर दोन रुपयांत काढून देतो की तो." मी गुणाकार केला. सत्तावन्न हजार सहाशे. कागदासकट! आमच्या हिशेबात कागद धरलाच नव्हता. पाचशे कागदांचं रीम २८० रुपयांना, म्हणजे प्रतीला ५६ पैसे आणखी. ब ची खरी प्रत २ रुपये ७६ पैशांना पडत होती आणि नाक्यावरची दोन रुपयांना. नऊ माहितीपत्रकांपैकी एकातही हे लिहिलेलं नव्हतं, की छोट्या कार्यालयाला सर्वांत स्वस्त पडणारं झेरॉक्स यंत्र म्हणजे दुसऱ्याचं.

तरीही यंत्र घ्यायचं ठरलं, आणि ते का ठरलं हे सांगायला हवं. त्या नाक्यावरून मामा एकदा चणे घेऊन आले होते. पुडी सोडली तर आत आमच्याच एका सभासदाची पगारपत्रिका. मूळ मुलाचं लग्न, कर्ज किती, हप्ता किती कापला जातो, हाती काय उरतं, सगळं. दुकानदारानं मुद्दाम काही केलं नव्हतं. पहिली प्रत तिरकी आली, ती त्यानं बाजूला टाकली, बाजूची रद्दी चणेवाल्याकडे गेली. पतसंस्थेच्या कपाटात माणसाची जी अवस्था बंद असते ती त्याच्या बायकोलाही पुरती ठाऊक नसते. तिला चण्याचा वास लागावा, हे प्रतीमागे शहात्तर पैसे वाचवूनही परवडण्यासारखं नव्हतं. भजी असूनही त्या दिवशी कुणी हात लावला नाही.

आता टोनरवर लिहिलेल्या प्रतींच्या आकड्याविषयी. हा आकडा खोटा नसतो. तो मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १९७५२. त्यातल्या नमुन्याच्या पानावर साधारण पाच टक्के जागा काळी असते. पाच टक्के म्हणजे किती? ए-फोर कागदाच्या पाच टक्के म्हणजे पासपोर्ट आकाराचे जेमतेम दोन फोटो. तेवढीच काळी जागा, बाकी सगळा कागद कोरा. असं पान इंग्रजीत कुणी चार ओळींचं पत्र लिहिलं तर होत असेल. आमचे कागद मराठीत असतात. आमच्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेषा आहे. ती बाळबोधापासून आलेली आहे आणि तिला टोनर लागतो. शिवाय रकाने, चौकटी, शिक्के, आणि आधारकार्डावरचा तो फोटो, ज्याची प्रत काढली की सज्जन माणूससुद्धा रात्री काढलेल्या फोटोतल्या म्हशीसारखा दिसतो. त्यात मामांना यंत्राचं झाकण उघडं ठेवून पासबुकाची प्रत काढायची सवय. झाकण उघडं राहिलं की पासबुकाभोवतीचा सगळा कागद काळाकुट्ट येतो. एका पासबुकात दहा पानांचं पीठ जातं. तेव्हा १,५०० म्हणजे आमचे आठशे धरावेत, हा माझा अभिप्राय.

शाईच्या टाकीवर चालणाऱ्या यंत्रांचा मोह मलाही झाला. प्रतीला काही पैसेच पडतात. पण बऱ्याच ठिकाणी ती शाई पाण्यात विरघळणारी असते, आणि आमच्याकडे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सभासद येतो तोच गळत येतो. शिवाय मे महिन्यात शाळांबरोबर आमचं कामही थंडावतं, आणि न वापरलेल्या यंत्रात शाई वाळून बसते. प्लॅस्टिकचं पीठ सुट्टीत वाळत नाही.

यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवताना विक्रेते स्वतःचा कागद आणतात. त्यावर ठसठशीत अक्षरं, एक फूल आणि एक इमारत असते. कुठलंही यंत्र ते फूल छान उतरवतं. कवीनं स्वतःच निवडून वाचलेल्या कवितेवर मत देऊ नये, हे मला ठाऊक होतं. मी माझा कागद नेत असे.

तो कागद असा. आमचे एक सभासद शाळेत शिपाई होते. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना गेले. त्यांचे भाग आणि ठेव मिळून जी रक्कम होती ती पत्नीला मिळायची, आणि त्यासाठी त्यांनी १९८९ साली भरलेला नामनिर्देशनाचा अर्ज हवा होता. अर्ज आमच्या कपाटात सापडला. कागद पिवळा, बॉलपेनची निळी शाई उडत चाललेली, आणि ज्या जागी त्यांनी बायकोचं नाव लिहिलं होतं नेमक्या त्याच जागी तेव्हाच्या कुणीतरी जांभळा शिक्का ठेवून दिलेला. नाक्यावरची प्रत वरच्या कचेरीनं परत पाठवली. शेरा : 'वारसाचे नाव वाचनीय नाही.' दुसरी पाठवली, तीही आली. त्या बाई दर सोमवारी माडीचा जिना चढून येत, काही न बोलता बाकावर बसत आणि आमच्या बाईंनी मान हलवली की उठून जात. मूळ अर्ज टपालानं पाठवायचं धाडस आमच्यात नव्हतं. तो एकच होता.

अ च्या विक्रेत्यानं तो कागद काचेवर ठेवला. शिक्का सुरेख आला, नाव गेलं. क नं सगळं उतरवलं, कागदाचा पिवळेपणासुद्धा. प्रत श्रावणातल्या आभाळासारखी करडी, आणि त्या आभाळात नाव कुठंतरी होतं. ब वर पहिल्या दोन प्रती तशाच आल्या. मग त्या पोरानं 'मजकूर' सोडून 'फोटो' निवडलं, मागचा रंग घालवण्याची सोय चालू केली, गडदपणा दोन घरं चढवला आणि म्हणाला, "सर, आता बघा." कागद गरम होता. शिक्क्याच्या वर्तुळाआडून आधी काना दिसला, मग वेलांटी, मग पुरं नाव. शिकवताना मी रसनिष्पत्तीवर वर्षातून चार तास घेतो. त्या दिवशी मला तो धडा पहिल्यांदा समजला असं म्हणायला हरकत नाही.

ही प्रत तिसऱ्यांदा वर गेली आणि परत आली नाही.

दरम्यान क च्या भावात एक जुनं, परदेशात वापरून झालेलं आणि इकडे रंगरंगोटी केलेलं आणखी मोठं यंत्र देतो, असं एक गृहस्थ सांगून गेले. अशी यंत्रं दणकट असतात, गावोगावच्या दुकानांत ती वर्षानुवर्षं राबताहेत, हे मान्य. पण मी त्यांना विचारलं, याच्या पोटात हार्ड डिस्क आहे का? कारण मोठ्या यंत्रांत बहुधा असते, आणि काढलेल्या प्रतींची चित्रं तीत साठून राहू शकतात. न्यूयॉर्कमधल्या एका आरोग्यविमा संस्थेनं भाड्याची यंत्रं डिस्क न पुसता परत केली. त्यांत तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती असण्याची शक्यता निघाली आणि २०१३ साली तिला बारा लाख डॉलरांवर रक्कम भरून प्रकरण मिटवावं लागलं. आपल्याकडेही २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला आहे. गृहस्थ म्हणाले, "डिस्क असली तर चांगलंच की, तुमचे कागद जपून राहतील!" चण्याची पुडी निदान खाऊन फेकता येते. छोट्या यंत्रांत ही भानगड सहसा नसते. वीज गेली की ती विसरतात. आमच्याकडे वीज दिवसातून दोनदा तरी जाते, त्यामुळे त्या बाबतीत आम्ही फार सुरक्षित आहोत.

विजेवरून आठवलं. मामांचा बेत यंत्र इन्व्हर्टरला जोडायचा होता. तापणारा रूळ क्षणात एवढी वीज ओढतो की पंखा, दिवा आणि इन्व्हर्टर तिघंही एकदम मान टाकतील. ती कल्पना सोडली.

कागदाच्या मापांवर स्वतंत्र लेख होईल. स्वस्त यंत्रांची काच ए-फोरची असते. लीगल कागद वरच्या फिरत्या तोंडातून जातो म्हणतात, पण कर्जरोख्याचा जुना मुद्रांक तिथं घालणं म्हणजे आजोबांना पाळण्यात बसवणं. त्यातही आपल्याकडे मिळणारा लीगल कागद ३४५ मिलिमीटर लांब आणि अमेरिकन लीगल ३५६. यंत्राला अमेरिकन सांगायचं आणि ताटात देशी वाढायचं, की ते अकरा मिलिमीटरवरून अडून बसतं. काहींत 'इंडिया लीगल' अशी वेगळी सोय असते. ब मध्ये आहे. कीर्द आणि रजिस्टरची दोन पानं एकदम उतरवायला मात्र ए-थ्रीच लागतो. ते वर्षातून चारदा. तेव्हा नाक्यावर जायचं, पण बाईंनी स्वतः, आणि तिरक्या आलेल्या प्रतीही मोजून परत आणायच्या.

शेवटचा प्रश्न मी तिघांनाही एकच विचारला. "बिघडलं तर माणूस कुठून येतो?" अ वाल्यांनी एक दूरध्वनी क्रमांक दिला, जिथं एक बाई गोड आवाजात एक दाबा, दोन दाबा म्हणत. क चा माणूस कोल्हापूरहून येतो. जुलैत आंबा घाटात दरड आली की तो साखरप्याच्या अलीकडे येत नाही. ब चं काम करणारा पोरगा आमच्याच बाजारपेठेत सायकलच्या दुकानाशेजारी राहतो आणि त्याच्या आईचं आमच्याकडे खातं आहे. ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकाच्या पोटावर नाही, पाठीवरही नाही.

ब आलं. गिरणीच्या धक्क्यांची भिंत सोडून आतल्या भिंतीला ठेवलं. कागद ओले होऊन गुंडाळी करतात आणि आत अडकतात म्हणून कपाटात एक पिवळा बल्ब लावला. पावसाळ्यात तो अंड्यांसाठी लावतात, आम्ही रिमांसाठी लावला. झाकणावर बाईंनी 'पासबुक ठेवल्यास झाकण बंद करावे' अशी चिठ्ठी डकवली. चेअरमनसाहेबांनी नारळ आणला आणि पहिली प्रत संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची काढायची म्हणून ते फ्रेममधून सोडवायला बसले. नारळ फुटेपर्यंत बाईंनी प्रतींचं नवं रजिस्टर उघडलं, तर पहिली ओळ आधीच भरलेली. मामांनी सकाळी झाडू मारून झाल्यावर स्वतःच्या रेशनकार्डाची एक प्रत काढून घेतली होती. 'खाजगी, एक प्रत, रुपये तीन, रोख.' चेअरमन म्हणाले, "मामा, तीन कशाला?"

"सरांनी फळ्यावर दोन रुपये शहात्तर पैसे लिहिलं होतं," मामा म्हणाले. "चोवीस पैसे सरांकडून यायचेत."